फिक्स्ड-गिअर सायकलचे मागचे चाक कशाने आवळावे आणि त्यासाठी कोणती हत्यारे घ्यावीत

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात रोज घर ते कार्यालय अशा वापरासाठी जुन्या स्टीलच्या फ्रेमवर बांधलेली फिक्स्ड-गिअर सायकल (चाक फिरते तोवर पॅडलही फिरतेच, अशी) आहे, तिच्या दोन्ही चाकांना क्विक रिलीज (हाताने उघडणारी खटक्याची पकड) आहे, आणि चढावर उभे राहून पॅडल मारले की मागचे चाक सरकून टायर डावीकडच्या नळीला घासतो. अशा वेळी नटाचा ॲक्सल (चाकाचा आस) घ्यावा का, किल्लीने उघडणारे चोरीप्रतिबंधक नट चालतील का, घरी आणि बरोबर कोणती हत्यारे ठेवावीत, आणि जवळच्या मेकॅनिकने सुचवल्याप्रमाणे दुसऱ्या चाकाचे फ्रीव्हील (पाय थांबले तरी चाक फिरू देणारे मागचे चक्र) वेल्ड करून तेही फिक्स्ड करून घ्यावे का, असे चार मुद्दे त्यात आहेत.

माझे उत्तर आधीच सांगतो. मागच्या चाकाला भरीव ॲक्सल आणि १५ मिलिमीटरचे, फिरते वॉशर असलेले ट्रॅक नट लावावेत. पुढच्या चाकाला चांगल्या प्रतीचे क्विक रिलीज किंवा किल्लीचा नट, दोन्ही चालते. वेल्ड केलेल्या फ्रीव्हीलच्या वाटेला अजिबात जाऊ नये. हत्यारांची खरेदी नट ठरल्यानंतर करावी, कारण कोणता पाना लागणार हे नटच ठरवतो. बहुतेक जण उलट करतात. आधी देखणे मल्टिटूल घेतात आणि मग रस्त्यात कळते की त्यात १५ मिलिमीटरचा पानाच नाही.

चाक का सरकते ते आधी पाहू. तुमच्या सायकलच्या पुढच्या चक्राला ४६ दात आहेत असे धरू. चेनच्या दोन पिनांमधले अंतर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर असते. त्या हिशेबाने ४६ दातांच्या चक्राची त्रिज्या सुमारे ९३ मिलिमीटर येते. क्रँकची लांबी १७० मिलिमीटर असेल तर पॅडलवर दिलेला जोर चेनमध्ये जवळजवळ १.८ पट होऊन पोहोचतो. ७० किलो वजनाचा माणूस एका पॅडलवर नुसता उभा राहिला तरी चेन सव्वाशे किलोंहून अधिक वजनाच्या ताणाने मागचा ॲक्सल पुढे ओढते, आणि हँडल धरून वर खेचले तर हा ताण आणखी वाढतो. चेन उजव्या बाजूला असल्यामुळे ॲक्सलचे उजवे टोक पुढे येते, चाक तिरके होते आणि त्याची पुढची कड डावीकडच्या चेनस्टेला (पॅडलपासून मागच्या ॲक्सलपर्यंत जाणाऱ्या फ्रेमच्या नळीला) टेकते. तुम्ही वर्णन केलेली खूण नेमकी हीच आहे.

फ्रीव्हीलच्या सायकलवर एवढ्यावर भागते. फिक्स्ड-गिअरवर आपण पायांनी वेगही रोखतो, आणि पाय रोखले की चेनची वरची बाजू सैल पडून खालची बाजू ताणली जाते. ताण वरच्या बाजूला असो वा खालच्या, ॲक्सल ओढला जातो तो पुढेच. म्हणजे चढावर आणि उतारावर, दोन्हीकडे, मागच्या ॲक्सलला एकाच दिशेने हिसके बसतात. त्यातही उतारावर हिसका बसून चाक सरकले तर चेन ढिली होते, आणि ढिली चेन चक्रावरून उतरली की पायांचा ब्रेक त्याच क्षणी नाहीसा होतो. दुर्दैवाने ती कॉग (मागचे दातांचे चक्र) आणि नळीच्या मध्ये अडकली तर मागचे चाक जागच्या जागी जाम होते. म्हणून मागच्या चाकाचा नट हा मी ब्रेकचाच भाग मानतो आणि त्याची निवड करताना पकड सोडून दुसरा कोणताही निकष पुढे आणत नाही. पुढचा हातब्रेक तर असलाच पाहिजे, कितीही सराव असला तरी.

क्विक रिलीजचा उगम पाहिला की त्याची मर्यादाही समजते. १९२७ साली इटलीतल्या क्रोचे दाउने घाटावर तुल्लिओ कांपान्योलो या शर्यतपटूला थंडीने बधिर झालेल्या बोटांनी मागच्या चाकाचे पंखांचे नट सोडवता आले नाहीत, आणि त्यातून त्याला ही कल्पना सुचली, असे सांगितले जाते. त्या काळी मागच्या हबच्या (चाकाच्या मधल्या तुंब्याच्या) दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या दातांची चक्रे असत आणि गिअर बदलण्यासाठी चाकच काढून उलटे बसवावे लागे. म्हणजे चाक पटकन सुटावे ही त्या यंत्रामागची मूळ गरज होती. आजही त्याची सळई जेमतेम ५ मिलिमीटर जाडीची असते आणि तिला ताण देतो तो हाताने दाबलेला एक खटका. त्याउलट १० मिलिमीटरच्या भरीव ॲक्सलवर नट ३५ न्यूटन-मीटरने आवळला तर ढोबळ हिशेबाने दीड टनाहून अधिक दाब ड्रॉपआउटवर, म्हणजे फ्रेमच्या ज्या खाचेत ॲक्सल बसतो तिच्यावर, येतो. जपानच्या केइरिन या ट्रॅकवरच्या सायकल शर्यती १९४८ पासून चालू आहेत आणि तिथल्या सायकलींच्या चाकांना आजही नटच असतात.

क्विक रिलीजवर मागचे चाक टिकतच नाही असे मात्र मी म्हणणार नाही. ज्याचा खटका धातूच्या आवरणात बंद असतो आणि ज्याच्या टोपणांच्या आतल्या कडांना स्टीलचे दाते असतात, ते जुन्या पद्धतीचे क्विक रिलीज आडव्या खाचेतही बऱ्यापैकी धरते. घसरतात ती बहुतांशी उघड्या खटक्याची, ॲल्युमिनिअमच्या टोपणांची आणि प्लॅस्टिकचा पट्टा मध्ये असलेली हलकी क्विक रिलीजेस. तुमच्याकडे सध्या कोणते आहे ते पाहा. नटाचा ॲक्सल मिळेपर्यंत बंद खटक्याचे स्टीलचे क्विक रिलीज लावून काम चालवता येईल. खटक्याचा दांडा ॲक्सलच्या रेषेत आला की जोर लागू लागला पाहिजे आणि पूर्ण बंद केल्यावर तळहातावर त्याचा वळ उमटला पाहिजे, एवढा तो घट्ट हवा.

आता ॲक्सल आणि नट. तुमच्या हबमध्ये सुटे छर्रे आणि कोन (छर्रे दाबून धरणारे शंकूसारखे नट) असतील तर काम सोपे आहे, कारण क्विक रिलीजचा मागचा पोकळ ॲक्सल बहुधा १० मिलिमीटर व्यासाचा आणि १ मिलिमीटर अंतराच्या आट्यांचा असतो. त्याच आट्यांचा भरीव ॲक्सल जुन्या कोनांसह बसतो. ट्रॅक हबची रुंदी १२० मिलिमीटर असते, तेव्हा दोन्ही बाजूंचे ड्रॉपआउट, वॉशर आणि नट धरून साधारण १६५ ते १७५ मिलिमीटर लांबीचा ॲक्सल लागेल. जुन्या रेसिंग फ्रेममध्ये मागची रुंदी १२६ किंवा १३० मिलिमीटर असू शकते, म्हणून आधी फ्रेममधले आतल्या बाजूचे अंतर मोजा आणि मगच ॲक्सल मागवा. हब सीलबंद बेअरिंगचा असेल तर ॲक्सल त्या हबसाठीच बनवलेला हवा. दुसऱ्याचा चालवू नये.

आट्यांच्या बाबतीत आपल्याकडे एक खास धोका आहे आणि त्यावर थोडे थांबतो. काळ्या दांडीच्या साध्या सायकलींचे ॲक्सल इंची मापाचे असतात. मागचा ३/८ इंच, म्हणजे ९.५ मिलिमीटर, आणि इंचाला २६ आटे. हे आटे आणि १ मिलिमीटरचे आटे यांच्यातला फरक डोळ्यांना दिसत नाही. इंची नट १० मिलिमीटरच्या ॲक्सलवर चढतच नाही, त्यामुळे ती चूक लगेच कळते. उलटी चूक घातक आहे: १० मिलिमीटरचा नट ३/८ इंचाच्या ॲक्सलवर सहज, अगदी बोटांनी फिरत जातो, आवळल्यावर घट्टही वाटतो, पण आट्यांची अर्धीच उंची एकमेकांत अडकलेली असते आणि एखाद्या दिवशी जोर पडताच आटे सपाट होतात. काही आयात हबांनाही ३/८ इंचाचेच ॲक्सल असतात. म्हणून नट घेताना ॲक्सल बरोबर न्यावा, व्हर्नियरने व्यास मोजावा आणि नट अर्धा चढवून बाजूला हलवून पाहावा. डुगडुगला तर तो नट त्या ॲक्सलचा नाही. पुढचा ॲक्सल बहुधा ९ मिलिमीटरचा असतो, तेव्हा पुढचे आणि मागचे नट एका डब्यात मिसळू देऊ नयेत.

नट घ्यायचा तो फिरत्या वॉशरचा. साधा नट फिरताना आपल्याबरोबर ॲक्सललाही थोडा ओढतो, त्यामुळे चाक मध्यावर आणून आवळायला घेतले की शेवटच्या पाव फेऱ्यात ते पुन्हा हलते. ट्रॅक नटाला जोडलेला वॉशर ड्रॉपआउटला दाते लावून स्थिर राहतो आणि नट त्याच्यावर फिरतो, म्हणून जुळवलेले चाक जुळलेले राहते. नटाच्या आट्यांवर आणि नट व वॉशर यांच्या मधल्या पृष्ठभागावर ग्रीसचा पातळ हात द्यावा. वॉशरच्या दात्यांवर आणि ड्रॉपआउटवर मात्र तेलाचा थेंबही नको. ॲल्युमिनिअमचे रंगीत नट दिसायला छान असतात, पण मागच्या ॲक्सलवर ते मी लावू देत नाही. नट पूर्ण बसल्यावर ॲक्सलचे टोक त्याच्या बाहेरच्या कडेशी आले पाहिजे, म्हणजे सगळे आटे कामाला येतात. चेन टेन्शनर (ॲक्सलला जागेवर धरून ठेवणारा छोटा भाग) लावणार असाल तर त्याच्या जाडीमुळे हे बिघडत नाही ना, ते तपासावे.

पकड पुरेशी आहे की नाही हे ड्रॉपआउटच सांगते. नट काढून खाचेच्या दोन्ही बाजू फडक्याने पुसा आणि उजेडात धरा. वॉशर जागचा हललेला नसेल तर त्याच्या दात्यांचे टिंब वर्तुळात, स्वच्छ आणि सुटे उमटलेले दिसतात. तो सरकला असेल तर त्याच टिंबांच्या मागे पुढच्या दिशेने बारीक चकचकीत ओरखडे गेलेले असतात, आणि ते उजवीकडे डावीपेक्षा जास्त असतात. फ्रेमला नुकताच जाड पावडर कोटिंगचा रंग दिला असेल तर रंग दाबाखाली चिरडत जातो आणि नट आपोआप ढिला पडतो. अशा फ्रेमवर पहिल्या काही फेऱ्यांनंतर नट पुन्हा आवळणे अत्यावश्यक आहे, किंवा वॉशर बसतो तेवढ्या जागेचा रंग खरवडून काढलेला उत्तम.

चेन टेन्शनर हा खाचेच्या मागच्या टोकाला टेकून ॲक्सलला धरून ठेवणारा छोटा भाग असतो आणि मागे उघडणाऱ्या खाचेच्या फ्रेमवरच तो बसतो. वजनदार व्यक्तीला किंवा रोज चढ चढणाऱ्याला मी उजव्या बाजूला एक लावायला सांगतो. ओढ उजवीकडे असल्याने बहुधा एकच पुरतो. पण नट नीट आवळण्याला तो पर्याय नाही.

आवळायचे किती? मागच्या नटासाठी ३० ते ४० न्यूटन-मीटर ही सर्वसाधारण मर्यादा आहे. हबच्या उत्पादकाने वेगळा आकडा दिला असेल तर तोच पाळावा. पुढच्या ९ मिलिमीटरच्या ॲक्सलला याहून कमी. टॉर्क रेंच नसेल तरी अंदाज बसवता येतो. २० सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाशी, पान्याला काटकोनात, सुमारे २० किलोंचा जोर दिला की ४० न्यूटन-मीटर होतात. पाना १५ सेंटिमीटरचा असेल तर तेवढ्यासाठीच जवळजवळ २७ किलो लागतात. सामानाचे वजन करायचा हुकाचा डिजिटल काटा पान्याच्या टोकाला अडकवून एकदा ओढून पाहिले की हा जोर हाताला कायमचा कळतो. खिशातल्या आखूड पान्याने आवळलेले नट का सरकतात, याचे उत्तरही यातच आहे.

म्हणून हत्यारांमध्ये पहिला क्रमांक १५ मिलिमीटरच्या रिंग पान्याचा. आपल्याकडे दुहेरी रिंग पान्यांच्या संचात १४-१५ असा एक पाना असतो. नाशिकच्या टपारियाचा किंवा त्या तोडीचा कोणताही चालेल. तो सुटा मिळतो, आणि पुढचा नट १४ चा निघाला तरी त्याच पान्यात भागते. पुण्यात बोहरी आळीत आणि मुंबईत नागदेवी स्ट्रीटला हत्यारांच्या दुकानांत तो मिळायला अडचण येऊ नये. रिंग पाना नटाचे सहाही कोपरे धरतो, तर उघड्या तोंडाचा पाना दोनच बाजू धरतो आणि ४० न्यूटन-मीटरला नटाचे कोपरे मारतो. कमी-जास्त होणारा पाना तर या नटांना लावूच नये. कोपरे गोल झालेला नट भर पावसात उतरत नाही, आणि तेव्हा पंक्चर काढणेही होत नाही.

बरोबर नेण्यासाठी फिक्स्ड-गिअरकरिता बनवलेले आखूड पाने मिळतात. पेड्रोजच्या ट्रिक्सीमध्ये १५ चा बंद पाना, लॉकरिंगचा (कॉगला बाहेरून अडवणाऱ्या कड्याचा) आकडा आणि ५ मिलिमीटरची ॲलन की एकत्र आहे. सर्लीचा जेथ्रो ट्यूल १५ चा पाना म्हणून उत्तम आहे. मात्र या हत्यारांनी रस्त्यात चाक बसवून घरी पोहोचावे आणि घरी आल्यावर लांब पान्याने नट पुन्हा आवळावा, अशी शिस्त ठेवा. पिशवीत त्याबरोबर एक ट्यूब, दोन टायर लिव्हर, पंप आणि ४, ५, ६ मिलिमीटरच्या ॲलन की पुरेशा आहेत.

घरी लागणारी दोन खास हत्यारे म्हणजे लॉकरिंगचा आकडा-पाना आणि चेन व्हिप (चेनचा तुकडा लावलेला, कॉग फिरवण्याचा दांडा). फिक्स्ड हबवर कॉग १.३७ इंचाच्या सरळ आट्यांवर चढतो आणि त्याच्या बाहेर १.२९ इंचाचे उलट्या आट्यांचे लॉकरिंग बसते. पाय रोखले की कॉग उलटा फिरून सुटू पाहतो, पण लॉकरिंगचे आटे उलटे असल्याने कॉगचा तोच धक्का लॉकरिंगला अधिक घट्ट करतो. या दोन विरुद्ध आट्यांवर पायांचा सगळा ब्रेक उभा आहे. लॉकरिंगचा पाना त्याच मापाचा घ्यावा, पार्कचा एचसीडब्ल्यू-१७ किंवा होझानचा चालेल; बॉटम ब्रॅकेटचा (क्रँकच्या आसाच्या बेअरिंगचा) आकडा मोठ्या वर्तुळाचा असतो, तो खाचेतून निसटतो आणि खाचेची कड झिजवतो. छन्नी-हातोडीने लॉकरिंग ठोकण्याची पद्धत कितीही प्रचलित असली तरी तिने खाचा फाटतात आणि किती घट्ट झाले याचा अंदाज राहत नाही. आधी चेन व्हिपने कॉग घट्ट करावा, मग लॉकरिंग, मग थोडे चालवून पुढच्या ब्रेकने थांबावे, आणि पुन्हा दोन्ही तपासावेत.

यावरूनच वेल्ड केलेल्या फ्रीव्हीलचे उत्तर मिळते. साध्या हबवर फ्रीव्हील ज्या आट्यांवर चढते ते कॉगच्याच मापाचे असतात, पण त्यापुढे उलट्या आट्यांची पायरी नसते, म्हणजे लॉकरिंग बसायला जागाच नाही. वेल्डने फ्रीव्हील आतून जाम होते; हबवर ते नुसत्या सरळ आट्यांनीच धरलेले राहते. पाय जोराने रोखले की पूर्ण तुकडाच हबवरून सुटू लागतो, आणि तेही नेमके उतारावर. बॉटम ब्रॅकेटचे लॉकरिंग चढवले, आट्यांना डिंक लावला, तरी हा दोष जात नाही, कारण त्या लॉकरिंगचे आटेही सरळच असतात. मेकॅनिकची कारागिरी चांगली असेल, त्याबद्दल शंका नाही. हबच त्या कामाचा नाही. दुसरे चाक हवेच असेल तर फिक्स्ड हब घेऊन नवे विणून घ्या.

चोरीप्रतिबंधक नटांबद्दल. एबसच्या नटफिक्समध्ये नटावर बसणारे टोपण सायकल आडवी केल्याशिवाय उघडत नाही, म्हणून सायकल उभी कुलूपबंद असेल तर नटापर्यंत पानाच पोहोचत नाही. पिनहेडमध्ये सांकेतिक आकाराची किल्ली लागते, आणि हेक्सलॉक्स हा ॲलन बोल्टच्या खळग्यात चुंबकाने बसणारा छोटा अडसर आहे. पुढच्या चाकाला आणि सीटला यांपैकी काहीही लावा. मागच्या चाकाला मात्र किल्लीचा नट तेव्हाच, जेव्हा उत्पादक तो मागच्या भरीव ॲक्सलसाठी देतो आणि त्याची किल्ली ३०-४० न्यूटन-मीटर सहज पेलते. छोट्या किल्लीने तेवढा जोर देता येत नसेल तर चोर अडेल, पण चाक सरकेल. मी मागे साधे ट्रॅक नटच ठेवतो आणि यू-लॉक मागच्या त्रिकोणाच्या आतून, रिम धरून घालतो. त्याने चाक आणि फ्रेम दोन्ही अडकतात आणि नटावर चोरीचा भार उरत नाही.

चाक बसवताना चेन फार ताणू नये. वरच्या बाजूच्या मध्यावर बोटाने दाबल्यावर सुमारे १० ते १२ मिलिमीटर वर-खाली खेळ राहावा, आणि तो क्रँकच्या पूर्ण फेऱ्यात तपासावा, कारण चक्रे क्वचितच अगदी गोल असतात. सर्वांत घट्ट जागी थोडा खेळ उरला पाहिजे. आधी दोन्ही नट हलके आवळा. मग उजवा थोडा घट्ट करून चाक पुढच्या कडेला धरून डावीकडे दाबा, डावा घट्ट करा, उजवा सैल करून चाक मध्यावर आणा, पुन्हा उजवा घट्ट करा; असे एकेक टोक मागे नेत गेले की हाताच्या जोरावर खेचावे लागत नाही आणि ताण नेमका साधतो. शेवटी दोन्ही नट आळीपाळीने पूर्ण आवळा.

पावसाळ्यासाठी लांब मडगार्ड लावणार असाल तर मागे उघडणाऱ्या खाचेतून चाक काढताना ते आडवे येते. म्हणून त्याचे मागचे पाय पटकन सुटणाऱ्या क्लिपने जोडा, नाहीतर पंक्चर झाल्यावर १५ च्या पान्याबरोबर मडगार्डच्या स्क्रूचाही पाना काढावा लागेल. जून ते सप्टेंबर दर महिन्याला नट एकदा पूर्ण काढून, आटे जुन्या ब्रशने साफ करून, ग्रीस लावून परत बसवावेत.